रेवसचा चिखल आणि रेषांचा हिशेब

आजचा विषय कृष्णधवल फिल्म. त्यातही दोन गोष्टी: रिझोल्युशन, म्हणजे फिल्म किती बारीक तपशील पकडते, आणि टोन, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या करड्या छटा ती कशा मांडते. हा विषय निघाला की बहुतेक वेळा काय होतं, तुम्हाला ठाऊक आहे. कुणीतरी माहितीपत्रक उघडतो. अमुक फिल्म मिलिमीटरला 200 रेषा, तमुक 100. म्हणजे पहिली दुप्पट चांगली. विषय संपला.

आमचं म्हणणं असं की विषय तिथे संपत नाही, तिथे तो चुकतो. हे हवेत बोलण्यापेक्षा एका जागेवर उभं राहून बोलू. जागा म्हणून आम्ही रेवस बंदर घेतलंय. तुमच्यापैकी पुष्कळजण भाऊच्या धक्क्यावरून लाँचनं तिथे उतरला असाल. धरमतरच्या खाडीचं तोंड, समोर करंजा, त्यामागे द्रोणागिरीचा डोंगर, अलीकडे तिवरं, आणि ओहोटी लागली की उघडा पडणारा चिखल. फोटोग्राफर मंडळी इथे येतात, धक्का आणि लाँच टिपतात आणि चिखलाकडे पाठ फिरवतात. आम्हाला मात्र कृष्णधवल फिल्मची खरी परीक्षा तो चिखलच घेतो असं वाटतं.

आधी त्या 200 रेषांचं बघू. कोडॅकच्या टी-मॅक्स 100 या फिल्मच्या माहितीपत्रकात रिझोल्युशनचे दोन आकडे असतात. एक 200, दुसरा 63. फुजीच्या अ‍ॅक्रॉसचेही दोन: 200 आणि 60. लोक पहिला आकडा पाठ करतात, दुसरा सोडून देतात. आता दोन आकडे का? कारण चाचणीचा तक्ता दोन प्रकारचा असतो. पहिल्यात रेषा आणि तिच्या शेजारची जागा यांच्या उजेडात 1000 ला 1 इतका फरक असतो, जवळजवळ दहा स्टॉप. कोळशासारख्या काळ्यावर चुन्यासारखं पांढरं. दुसऱ्यात तो फरक फक्त 1.6 ला 1, म्हणजे एका स्टॉपपेक्षाही कमी. करड्याच्या शेजारी थोडंसंच वेगळं करडं.

आता रेवसच्या चिखलात 1000 ला 1 कुठे आहे, सांगा. ओला चिखल, त्याच्यावर सुकत आलेला चिखल, त्यात पाण्याची निघून गेलेली वाट, एखादी निवटी सरकत गेल्याची खूण. सगळा कारभार 1.6 ला 1 चा. पावसाळ्याच्या तोंडावर आभाळ भरलेलं असेल तर तोही फरक उरत नाही. म्हणजे आपल्या कामाचा आकडा 63 आहे, 200 नाही. आणि जुन्या ट्राय-एक्सचे आकडे याच पद्धतीनं पाहिले तर 100 आणि 50. पहिल्या तक्त्यावर टी-मॅक्स दुप्पट पुढे. दुसऱ्या तक्त्यावर 63 विरुद्ध 50. दुप्पट होती ती आघाडी पावपटीवर आली. चिखलानं एका झटक्यात केलेला हा हिशेब आहे.

अजून पुढे जाऊ. फिल्म काहीही पकडो, तिच्यापर्यंत लेन्सनं ते पोचवायला हवं. लेन्सचं तोंड जितकं बारीक कराल तितका प्रकाश कडेला पसरतो, त्याला विवर्तन म्हणतात. हे लेन्सच्या किमतीवर अवलंबून नाही, निसर्गाचा नियम आहे. एफ/16 ला कितीही उत्तम लेन्स असली तरी मिलिमीटरला साधारण 110 ते 115 रेषाजोड्यांच्या पुढे काही जातच नाही, आणि तिथवर जाणारंही अगदी फिकट होऊन जातं. दुपारच्या उन्हात 400 ची फिल्म घालून एफ/16 लावणारा माणूस 200 रेषांची चिंता करत असेल तर त्याला काय म्हणायचं! त्यात तुम्ही लाँचमध्ये उभे. खाली इंजिन थरथरतंय, लाट आडवी येतेय, हातात कॅमेरा. शटर 1/60 ठेवलंत तर फिल्म कुठली होती हे कुणी ओळखू शकणार नाही.

आणि शेवटी फोटो बघणार कोण? माणूस. हातभर अंतरावरून प्रिंट बघताना चांगली नजर मिलिमीटरला पाच-सहा रेषाजोड्या वेगळ्या ओळखते. 35 मिलिमीटरच्या निगेटिव्हवरून 8 बाय 10 इंचांची प्रिंट केली तर साडेआठ पट मोठं होतं. म्हणजे निगेटिव्हवर पन्नासच्या आसपास असलं की नजरेचं भागतं. लेन्स, एन्लार्जर आणि कागद वाटेत थोडं थोडं खाणार, हे खरं. म्हणून काठावरचा हिशेब ठेवू नये. पण 200 ची गरज कुठे आहे?

तुम्हाला मोठी प्रिंट हवी असेल, 16 बाय 20 ची, तर उपाय फिल्मचं नाव बदलणं हा नव्हे, निगेटिव्ह मोठं करणं हा आहे. रोलिफ्लेक्ससारख्या कॅमेऱ्यातलं चौकोनी निगेटिव्ह 56 बाय 56 मिलिमीटरचं. 35 च्या निगेटिव्हपेक्षा क्षेत्रफळ साडेतीन पटींहून जास्त. होमाई व्यारावाला यांच्या हातातला रोलिफ्लेक्स आपण सगळ्यांनी छायाचित्रांत पाहिलाय. त्या काळच्या फिल्मचे आकडे आजच्या मानानं साधेच असणार. तरी त्या कामात चेहरे, कापडाची पोत, गर्दीतला शेवटचा माणूस, सगळं जागच्या जागी दिसतं. त्यात निगेटिव्हच्या आकाराचा वाटा मोठा आहे.

आता दाण्याविषयी दोन शब्द, कारण रिझोल्युशन आणि दाणा यांची सतत गल्लत होते. कोडॅकच्या मोजणीत ट्राय-एक्सचा दाणेदारपणा 17, टी-मॅक्स 100 चा 8. आकडा कमी तितका दाणा गुळगुळीत. 1986 साली टी-मॅक्स आली ती चपट्या दाण्याचं तंत्र घेऊन. चांदीचे क्षार गोट्यांसारखे न ठेवता बत्ताशासारखे चपटे केले, की तेवढ्याच चांदीत जास्त प्रकाश अडवता येतो. हे मोठंच काम झालं, त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. दाणा कुठे दिसतो? सपाट, मध्यम करड्या जागी. म्हणजे नेमका रेवसच्या आभाळात आणि चिखलात. म्हणून इथे बारीक दाण्याची फिल्म जिंकायला हवी, असं वाटेल. अर्धं खरं आहे. चिखलात स्वतःची पोत असते, तिथे बारीक दाणा उपयोगी पडतो. पण भरून आलेल्या आभाळात काहीच तपशील नसतो. तिथे थोडा दाणा असला तर कागदावर हवा आहे असं वाटतं. दाणा अजिबात नसला तर नुसता करडा रंग फासल्यासारखं दिसतं. हा आवडीचा प्रश्न आहे हे आम्हाला मान्य आहे. मात्र तो आवडीचाच प्रश्न आहे, दर्जाचा नाही, एवढंच आमचं म्हणणं.

मग दर्जा कशात? आम्ही म्हणतो टोनमध्ये. इथे जरा सावकाश जाऊ.

1890 साली हर्टर आणि ड्रिफिल्ड या इंग्लंडमधल्या दोन रसायनतज्ज्ञांनी एक आलेख मांडला. आडव्या अक्षावर फिल्मवर पडलेला प्रकाश, उभ्या अक्षावर निगेटिव्ह किती गडद झालं ते. तो आलेख आडव्या ताणलेल्या इंग्रजी एस सारखा दिसतो. खालचा वळसा म्हणजे टाच, मधे सरळ चढण, वर खांदा. टाचेत सावल्या राहतात. तिथे प्रकाश वाढला तरी निगेटिव्ह फारसं बदलत नाही, म्हणून छटा एकमेकींत मिसळून जातात. फिल्मचा स्वभाव म्हणतात तो या रेषेत असतो. टी-मॅक्स 100 ची टाच आखूड आणि सरळ चढण लांबच लांब. सावलीतल्या छटा ती लवकर वेगळ्या करते, हा तिचा गुण. पण वरच्या बाजूला ती थांबत नाही. डेव्हलपरमध्ये मिनिटभर जास्त राहिली की पाण्यावरची चमक निगेटिव्हवर इतकी गडद होते की कागदावर पांढऱ्याशिवाय काही उतरत नाही. ट्राय-एक्स आणि इलफर्डची एचपी5 प्लस या बाबतीत पोटात घालणाऱ्या. थोडं इकडचं तिकडं झालं तरी सांभाळून घेतात.

आता धक्क्यावर या. वेळ दुपारी बाराची. बोडणीकडची एक मावशी डोक्यावर मासळीची पाटी घेऊन उभी आहे. पाटीची सावली चेहऱ्यावर. मागे ऊन पडलेलं पाणी, बाजूला पांढरा शर्ट घातलेला प्रवासी. सावलीतला तिचा चेहरा आणि पाण्याची चमक यांच्यात सात-आठ स्टॉपचा फरक सहज असतो. कॅमेऱ्यातला मीटर काय करतो? चमकतं पाणी बघतो आणि भरपूर उजेड आहे म्हणतो. त्याचं ऐकलंत तर शर्ट छान येतो, पाणी छान येतं, आणि मावशीचा चेहरा टाचेत जाऊन पडतो. डोळे, गालाची हाडं, कपाळावरच्या सुरकुत्या, सगळं एका काळ्या डागात. कागदावर तो डाग कितीही उजळ करा, त्यातून चेहरा निघत नाही. निगेटिव्हवर तो नाहीच.

हा नुसता तांत्रिक दोष नाही. जुने छापील फोटो काढून बघा. पुढाऱ्याची टोपी, त्याचा पांढरा सदरा, सगळं नीट. शेजारी पाटी उचलणाऱ्या माणसाला मात्र चेहराच नाही. कुणी मुद्दाम केलं असं आम्ही म्हणत नाही. उजेड जिकडे जास्त तिकडे मोजमाप झालं, आणि सावलीत उभ्या असलेल्या सावळ्या माणसाची किंमत आलेखाच्या टाचेनं चुकवली. म्हणून टोनचा प्रश्न आम्हाला न्यायाचा प्रश्न वाटतो. कुणाच्या चेहऱ्याला छटा मिळाल्या आणि कुणाच्या नाही, हे फोटोग्राफर एक्सपोजर ठरवताना ठरवत असतो.

उपाय जुनाच आहे: एक्सपोजर सावलीसाठी, डेव्हलपिंग उजेडासाठी. डब्यावर 400 लिहिलेलं असलं तरी रेवसच्या दुपारी आम्ही मीटर 200 वर लावतो, चेहऱ्याजवळ जाऊन मोजतो, आणि डेव्हलपिंगचा वेळ 15-20 टक्क्यांनी कमी करतो. चेहरा टाचेतून वर येतो, पाणी डोक्यावर चढत नाही. एवढं केलंत तर ट्राय-एक्स आणि एचपी5 यांच्यातला फरक पहिल्यांदा खरोखर दिसायला लागतो, आणि तो इतका लहान निघतो की वादाचं कारण उरत नाही. ट्राय-एक्सचा तो 'दणकट काळा' प्रसिद्ध आहे ना? 1954 साली ती 35 मिलिमीटरमध्ये आली आणि वर्तमानपत्रवाल्यांनी ती उचलली. कमी उजेडात कमी एक्सपोजर द्यायचं आणि डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवायचं, या वापरातून त्या काळ्याचा बराच भाग आलाय. फिल्मच्या नावावर जमा झालेली कीर्ती पुष्कळदा वापरणाऱ्यांच्या सवयीची असते.

टोनमध्ये आणखी एक गोष्ट येते, ती आलेखात दिसत नाही. कुठला रंग कुठल्या करड्यात उतरतो? सुरुवातीच्या फिल्मला निळा तेवढा दिसायचा. मग ऑर्थोक्रोमॅटिक आली, तिला हिरवाही दिसू लागला, लाल मात्र नाही. पॅनक्रोमॅटिक फिल्मला तिन्ही दिसतात. याचा आपल्या घरातला अर्थ सांगतो. ऑर्थो फिल्मवर कुंकू काळं येतं, ठसठशीत. पॅनक्रोमॅटिकवर तेच कुंकू मध्यम करडं होतं आणि गव्हाळ कपाळात जवळजवळ विरघळतं. त्यावर लाल फिल्टर लावलात तर पुसूनच जातं. जुन्या फोटोतल्या आजीचं कुंकू इतकं काळं आणि नंतरच्या फोटोतल्या आईचं इतकं पुसट का, याचं एक कारण फिल्म हे असू शकतं. पण ऑर्थो आपल्या त्वचेलाही काळवंडून टाकते, कारण सावळ्या त्वचेतून येणारा प्रकाश मुख्यतः लालसरच असतो. कुंकू मिळतं, चेहरा जातो. फुकट काही नाही. 2019 पासून इलफर्डची ऑर्थो फिल्म छोट्या रोलमध्येही मिळते, ती घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

रेवसलाही हेच लागू. जांभ्याच्या दगडाची भिंत ऑर्थोवर गडद होईल, पॅनवर उजळ. तिवरांची हिरवी पानं पॅनवर आपल्या डोळ्याला दिसतात त्यापेक्षा गडद येतात आणि मागच्या चिखलात मिसळतात. पिवळसर हिरवा फिल्टर लावला की पानं चिखलापासून सुटी होतात, आणि कुंकूही थोडं परत येतं. समोरचा द्रोणागिरी धूसर दिसतोय म्हणून लाल फिल्टर लावण्याची सवय पुष्कळांना असते. कोरड्या डोंगरी हवेत त्याचा उपयोग होतो, कारण तिथलं धूसर निळं असतं. खाडीवरच्या दमट हवेतलं धूसर पांढरं असतं, पाण्याच्या थेंबांचं. त्याला फिल्टर फारसं काही करत नाही. ते धूसर तसंच घ्यावं. तोही त्या जागेचा टोनच आहे.

आता आमच्याच म्हणण्याची दुसरी बाजू. बारीक दाण्याची, संथ फिल्म कधी घ्यावी? रेवसहून फार लांब नाही, सासवन्याला, शिल्पकार नानासाहेब करमरकरांचं शिल्पालय आहे. पुण्याच्या शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलमधला 1928 चा अश्वारूढ शिवाजी महाराजांचा पुतळा ज्यांनी केला, तेच करमरकर. गावी त्यांनी सिमेंटमध्ये पुष्कळ काम केलं. सिमेंट म्हणजे काय, करडं. रंगाचा आधार शून्य. गाल कुठे वळला, खांदा कुठे उतरला, हे सगळं करड्याच्या चढउतारावर. तिथे ट्रायपॉड लावता येतो, शिल्प हलत नाही, एफ/8 ठेवता येतं, उजेड बाजूनं येईपर्यंत थांबता येतं. अशा वेळी टी-मॅक्स 100 किंवा इलफर्डची एफपी4 प्लस यांचं चीज होतं. सिमेंटचा रवाळ पृष्ठभाग फिल्मच्या दाण्याहून वेगळा दिसतो. 400 च्या छोट्या निगेटिव्हवर हे दोन रवे एकमेकांत मिसळतात आणि सिमेंट कुठलं, फिल्म कुठली कळत नाही. म्हणजे बारीक फिल्मची किंमत आहेच. ती कुठे वसूल होते, एवढंच बघायचं.

आणि हे सगळं वाया घालवणारी शेवटची गोष्ट: पाणी. माहितीपत्रकातले वेळ 20 अंश सेल्सिअसला धरलेले असतात. आपल्या किनाऱ्यावर एप्रिलमध्ये नळाचं पाणी 28-30 अंशांचं. तेच वापरलंत तर डेव्हलपिंग भराभर होतं, वेळ पाच मिनिटांच्या खाली येतो आणि आभाळात पट्टे उमटतात. डेव्हलपरची बाटली बर्फाच्या पाण्यात ठेवा. हायपो आणि धुण्याचं पाणीही त्याच्या जवळपास आणा, नाहीतर थंडातून गरमात गेलेल्या जिलेटिनवर सुरकुत्या पडतात. डी-76 घरी बनवत असाल तर मेटॉल 2 ग्रॅम, सल्फाइट 100, हायड्रोक्विनोन 5, बोरॅक्स 2, लिटरला. यातलं सल्फाइट दाण्याच्या कडा थोड्या विरघळवतं, म्हणून दाणा मऊ येतो. तेच डी-76 एकास एक पाणी घालून वापरलंत तर कडा जास्त धारदार येतात. डोळ्याला 'शार्प' वाटतं ते पुष्कळदा या कडेमुळे, रेषांच्या आकड्यामुळे नव्हे.

आपल्याकडे एक पिढी इंदू आणि ऑर्वोवर शिकली. इंदू म्हणजे उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सची, ऑर्वो पूर्व जर्मनीची. परदेशी फिल्म सहज मिळत नव्हती तेव्हा या दोन नावांवर काम चाललं. त्यांना आज हसण्याची पद्धत आहे. आमची विनंती आहे की घरात, स्टुडिओत, जुन्या ट्रंकांत ती निगेटिव्ह असतील तर हसण्याआधी उजेडावर धरून बघा. सावलीत चेहरा आहे का बघा. असेल तर ते निगेटिव्ह चांगलं, डब्यावर नाव कुठलंही असो. रेवस-करंजा पुलाची गोष्ट आपण किती दशकं ऐकतोय. पूल झाला की धक्क्यावरची ये-जा बदलणार. तिथे उभ्या राहणाऱ्या माणसांचे चेहरे नीट छटांसह कुठे राहिले असतील तर ते अशाच कुणाच्या तरी ट्रंकेत.

आमचं बोलणं इथे थांबवतो. प्रश्न घेऊ.

प्रश्न: डिजिटलवर काढून नंतर कृष्णधवल केलं तर हे सगळं टळत नाही का?

उत्तर: काही टळतं, काही नवीन येतं. रंग कुठल्या करड्यात न्यायचा हे नंतर ठरवता येतं, कुंकवाचा प्रश्न तिथे सुटतो. पण सेन्सर प्रकाशाला सरळ रेषेत प्रतिसाद देतो आणि वर गेला की एकदम थांबतो, खांदा नाही. निगेटिव्हमध्ये सावली जपायची, इथे चमक जपायची. चमक जपायला एक्सपोजर कमी केलंत की पाटीखालचा चेहरा पुन्हा खाली जातो. मग तो वर ओढावा लागतो. तेव्हा प्रश्न तोच राहतो: मोजताना तुम्ही कुणाकडे बघताय?

प्रश्न: फिल्म महाग झालीय. एकच घ्यायची तर कुठली?

उत्तर: रोलिफ्लेक्स, याशिका, कुठलाही मध्यम आकाराचा कॅमेरा असेल तर एचपी5 प्लस, 120 मध्ये. मीटर 200 वर. एका रोलमध्ये बारा फोटो. आणि पुढचं वर्षभर फिल्म बदलू नका. एका फिल्मवर ओहोटी, भरती, पाऊस आणि मे महिन्याची दुपार, चारही काढून झालं, की दुसऱ्या फिल्मशी तुलना करायला तुमच्याकडे काहीतरी असेल.